हिपॅटायटिस बी : प्रशिक्षणात भर कशावर द्यावा?

प्रश्न : मी वस्तीपातळीवर काम करणाऱ्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देते. हिपॅटायटिस बी या विषयासाठी एकच सत्र मिळते. त्यात सर्वाधिक भर कशावर द्यावा? काही सेविकांना बाधितांच्या घरी पाणी पिण्याचीही भीती वाटते.

उत्तर : सत्राचा मोठा भाग नवजात बाळाच्या पहिल्या २४ तासांना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. यकृताला बाधणारा हा विषाणू कोणत्या वयात शरीरात शिरतो, यावर पुढचे बरेच काही ठरते. निरोगी प्रौढांना लागण झाली तर १०० पैकी सुमारे ९५ जणांच्या शरीरातून तो नाहीसा होतो. परंतु जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांमध्ये तो कायमचा ठाण मांडतो आणि अनेक वर्षे कोणतेही लक्षण न दाखवता पुढे यकृताचा सिऱ्होसिस (यकृत कायमचे व्रणयुक्त व कडक होणे) किंवा कर्करोग घडवू शकतो. म्हणूनच लशीची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते. हे कारण उमगलेली सेविका घरी बाळंतपण झाल्याचे कळताच हालचाल करील. नुसता लसीकरणाचा तक्ता पाठ केलेली सेविका पुढच्या लसीकरणाच्या दिवसाची वाट पाहत बसेल. गरोदरपणातील एचबीएसएजी तपासणीचे (हिपॅटायटिस बीची लागण दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे) महत्त्वही याच ओघात सांगावे. आई बाधित असेल तर बाळाला लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) देता येते, आणि वेळेवर लस दिलेल्या बाळाला तिने निःशंकपणे अंगावर पाजावे.

पाण्याची भीती बहुधा हिपॅटायटिस ए आणि ई यांच्याशी झालेल्या गल्लतीतून येते, कारण ते दूषित अन्नपाण्यातून पसरतात. बी मात्र रक्तातून, शरीरसंबंधातून, दूषित सुया-वस्तऱ्यांतून पसरतो. एकत्र जेवल्याने किंवा जवळ बसल्याने नव्हे. सेविकाच घर टाळू लागली, तर ते कुटुंब तपासणीला येईल तरी कसे?

सेविकांचे स्वतःचे लसीकरण मात्र सत्राआधीच सुरू व्हावे : पहिली मात्रा, दुसरी महिन्याने आणि तिसरी पहिलीपासून सहा महिन्यांनी. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. सुई टोचलीच तर जखम न पिळता साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण लस न घेतलेल्या व्यक्तीला नंतरच्या उपचाराचा लाभ शक्यतो २४ तासांच्या आत मिळायला हवा. सुई टोचल्याचे कळवणाऱ्या सेविकेला कोणीही बोल लावणार नाही, हे आपण सत्रातच सर्वांसमोर सांगावे.