सोलर पॅनलमध्ये 'नॅनो' म्हणजे नेमकं काय, त्यासाठी जास्त पैसे द्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला गच्चीवर सोलर बसवताय आणि डीलर म्हणतोय आमचं पॅनल नॅनो टेक्नॉलॉजीचं, म्हणून थोडे जास्त पडतील. नॅनो खरंच असतं हो, पण त्याचे वेगळे पैसे देऊ नका, साध्या पॅनलमध्येही ते असतंच.

पॅनलचा गडद निळा रंग बघा, तो कुणी फासलेला नाहीये. पॅनल ज्याचं बनतं ते नुसतं सिलिकॉन आरशासारखं चकचकीत असतं, पडलेल्या उजेडातला 30-35 टक्के परत फेकतं, म्हणून त्यावर सिलिकॉन नायट्राइडचा साधारण 75 नॅनोमीटरचा थर देतात (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), मग थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या उजेडाच्या लाटा एकमेकींना मारतात आणि जो थोडा निळा उरतो तो आपल्याला दिसतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर रंग दिसतात ना, तेच. त्याच्या खाली केमिकलने कोरलेले बारीक बारीक पिरॅमिड असतात. दोन्ही मिळून परत जाणारा उजेड 2-3 टक्क्यांवर येतो.

पुढची पायरी ब्लॅक सिलिकॉन. इथे पुण्यातच एमएस्सीला असताना आम्ही लॅबमध्ये ते केलं होतं, चांदीचे कण बसवून एचएफमध्ये वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, कोरायचा (एचएफ म्हणजे हायड्रोफ्लोरिक, फार घातक ॲसिड, सर शेजारी उभे असायचे) आणि चकचकीत तुकडा काही मिनिटांत काजळीसारखा काळा व्हायचा, मला अजून तो आनंद आठवतो. पृष्ठभागावर नॅनोमीटरच्या सुया उगवतात, त्यामुळे हवा कुठे संपली आणि सिलिकॉन कुठे सुरू झालं हे उजेडाला कळतच नाही, तो सरळ आत जातो. रात्रीच्या पतंगाच्या डोळ्यावर असेच उंचवटे असतात.

पण या ब्लॅक सिलिकॉनचा सोलर सेल बनवला तर करंट वाढायच्या ऐवजी कमी आला! कारण सुयांमुळे पृष्ठभाग कितीतरी पटीने वाढतो आणि पृष्ठभागावर सिलिकॉनचे बाँड अर्धवट तुटलेले असतात, इलेक्ट्रॉन तिथेच अडकून वाया जातात. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या टीमने 2015 मध्ये सुयांवर ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) अगदी पातळ थर चढवून आणि वीज बाहेर काढणारे धातूचे सगळे कॉन्टॅक्ट मागे नेऊन 22.1 टक्के एफिशियन्सी (पडलेल्या उजेडातला वीज होणारा भाग) मिळवली, तेव्हा कुठे हा प्रश्न सुटला. माझ्या मते खरी कमाल त्या थराची, सुयांची नाही.

आज बाजारात टॉपकॉन म्हणून जे पॅनल मिळतं त्यातही मागच्या बाजूला 1-2 नॅनोमीटरचा ऑक्साइड असतो, त्याचं कामही इलेक्ट्रॉन वाचवायचंच. म्हणजे डीलर खोटं बोलत नाहीये, पण वेगळंही काही देत नाहीये.

त्याच्याकडून डेटाशीट मागा, त्यात एफिशियन्सी आणि टेंपरेचर कोइफिशंट (पॅनल तापलं की वीज किती कमी होते तो आकडा) बघा, टॉपकॉनला तो दर डिग्रीला उणे 0.3 टक्क्याच्या आसपास असतो आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पॅनल इतकं तापतं की हा आकडा सुयांपेक्षा जास्त महत्त्वाचा. आणि पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरात सकाळी कुठपर्यंत येते ते पॅनलची जागा ठरवण्याआधी नक्की विचारात घ्या.