पीएसए ३.४ नॉर्मल का? आधी गोळीचं नाव बघा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. वडील ६९ वर्षांचे, लघवीची धार बारीक म्हणून दोन वर्षं गोळी चालू, पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीची रक्ततपासणी, आकडा वाढला तर कॅन्सरची शंका घेतात) ३.४, रिपोर्टवर नॉर्मल, तरी युरॉलॉजिस्ट एमआरआय आणि बायोप्सी करा म्हणतायत आणि घरचे म्हणतात उगाच खर्चात पाडतोय. आमच्याकडे अगदी हेच, फक्त असं सांगणारा डॉक्टर आम्हाला दीड वर्ष उशिरा भेटला.

मी डॉक्टर नाही, वडिलांची फाईल सांभाळणारा मुलगा आहे, त्या हिशोबानं वाचा.

सगळ्यात आधी गोळीचं नाव बघा. त्यात ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड (प्रोस्टेट आकसवणारी औषधं) असेल तर सहा महिने-वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे तुमचा ३.४ हा खरा ६.८ च्या आसपास धरायचा. नुसतं टॅम्सुलोसिन (फक्त स्नायू सैल करून धार मोकळी करणारं औषध) असेल तर हा हिशोब लागू नाही. आमची आई गोळ्या स्ट्रिपमधून काढून स्टीलच्या डबीत ठेवायची, त्यामुळे मी विचारलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे "ती लघवीची पिवळी गोळी", आणि मीही तेवढ्यावर सोडून दिलं. माझी सगळ्यात मोठी चूक तीच.

गोळी सुरू झाल्यावर अण्णांचा पीएसए ४.६ वरून २.१ वर आला, आम्ही पेढे वाटायचे बाकी. मग २.७, मग ३.३. या गोळीवर असताना आकडा खालून परत वर चढायला लागला की तीच धोक्याची खूण असते, ४ च्या आत असला तरी. पण रिपोर्टमध्ये ४ च्या वरचाच आकडा ठळक छापतात, आमचा कधीच ठळक आला नाही. जिथं हेल्थ चेकअपचं पॅकेज घेत होतो तिथल्या फॉर्मवर चालू औषधांचा रकानाच नव्हता, आणि मी जुने रिपोर्ट पुढे केले तर काउंटरवरून उत्तर आलं, "सर, नॉर्मल आहे, पुढच्या वर्षी या." अजून संताप होतो. एकानं जरी तीन कागद शेजारी ठेवून बघितले असते तर!

शेवटी एमआरआयमध्ये पायरॅड्स ४ (पाचपैकी, म्हणजे कॅन्सरची दाट शंका), बायोप्सीत ग्लीसन ४+३ (म्हणजे कॅन्सरच, मध्यम पण जरा आक्रमक). रेडिएशन आणि हार्मोनची इंजेक्शनं झाली, आज अण्णा बरे आहेत, पण ते दीड वर्ष माझ्या डोक्यातून जात नाही.

माझं स्पष्ट मत, एमआरआय आधी, बायोप्सी नंतर, कारण सुया टोचल्यावर आत रक्त साकळतं आणि मग काही आठवडे एमआरआय नीट वाचता येत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनानं बंद करू नका. बायोप्सी गुदद्वारातून करणार की पेरिनियममधून, म्हणजे अंडकोषाच्या मागच्या कातडीतून, तेही विचारा, दुसऱ्यात इन्फेक्शनचा धोका कमी. नंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसू शकतं, हे वडिलांना तुम्हीच आधी सांगा, अण्णांनी लाजून आठ दिवस कुणाला सांगितलं नव्हतं आणि मनातल्या मनात खचले होते. पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर रात्र काढू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आज घरी गेलात की गोळीचं नाव आणि गोळी सुरू व्हायच्या आधीचा पीएसए असेल तर तो इथं टाका, मी बघतो.