पांजरपोळाच्या वह्या हाती आल्या तर

भाऊ, पांजरपोळाचा, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी जनावरांच्या आसऱ्याचा, इतिहास लिहायचाय ना, मग स्मरणिका राहू दे. आधी लाल कापडातली रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, उघड. कडबा, सरकी पेंड, गुराख्याचा पगार, व्यापाऱ्यांचा धर्मादा, सगळं तिथं सापडतं. दुष्काळात जनावरं किती वाढली तेही खर्चावरूनच कळतं.

वाळवीनं खाल्लेलं पान ओढू नको. मऊ कुंचल्यानं झाड, जागेवरच उजेडात फोटो घे. चिकटपट्टी अजिबात नको. मी एकदा लावली, अक्षरंच उचलून आली.

मोडी किंवा गुजराती असेल तर वाचणारे आजोबा आजच गाठ. आणि पांजरपोळ जळगावकडचा असेल तर ध्यानात ठेव, १९०६ पर्यंत सगळा एकच खानदेश जिल्हा, मग पूर्व-पश्चिम. जुन्या कागदांत ‘जळगाव जिल्हा’ शोधत बसू नको. जनावरांवरच्या क्रूरतेचे जुने खटले १८९० च्या कायद्याखाली बघ, १९६० चा नंतर आला.