कधीच न खेळलेल्या मुलामुलींना कोर्फबॉल कसा शिकवावा?

तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरात तुमच्या सोसायटीत संध्याकाळी मुलं-मुली जमतात, त्यांना कोर्फबॉल (मुलामुलींनी एकत्र खेळायचा, उंच खांबावरच्या टोपलीत बॉल टाकायचा खेळ) शिकवायचाय, पण हा खेळ कुणी पाहिलेलाही नाही. मी इथेच मुलांना शिकवते, म्हणून सांगते: पहिल्या दिवशी नियम सांगत बसू नका. खांब उभा करा आणि बॉल हातात द्या.

अधिकृत खांब ३.५ मीटर उंच असतो, लहानांना अडीच पुरे. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पाइप कापून घ्या, जुन्या टायरमध्ये सिमेंट ओतून त्यात उभा करा आणि वर टोपली म्हणून बूड कापलेला प्लास्टिकचा टब घट्ट बांधा. सुरुवातीला ५ नंबरचा फुटबॉल चालतो.

आपली पोरं क्रिकेटवर वाढलेली, त्यामुळे एका हाताने जोरात फेकतात. कोर्फबॉलच्या टोपलीमागे बोर्ड नसतो, मग बॉल कडेला आपटून पार कुंपणापर्यंत जातो. म्हणून आधी खांबाजवळूनच टाकायला लावा. बॉल दोन्ही हातांत छातीशी, कोपरं आत, गुडघे वाकवायचे आणि सगळं अंग वर उचलत बॉल सोडायचा. दुसरा प्रकार म्हणजे पळत येऊन पास घ्यायचा आणि दोन्ही हातांनी खालून अलगद वर सोडायचा. हा नवख्यांना लवकर जमतो आणि पहिला गोल झाला की चेहरे खुलतात. चार-चार जणांचे गट करा: एक खांबाखाली परत आलेला बॉल पकडायला, एक पास द्यायला, दोघं टाकायला. जागा बदलत राहा.

मग एकेक नियम आणा. बॉल घेऊन पळायचं नाही, टप्पे मारत पुढे जायचं नाही, धक्का द्यायचा नाही. नंतर मार्किंग: मुलाने मुलाला, मुलीने मुलीलाच अडवायचं. भांडण होतं ते याच्या पुढच्या नियमावर. समोरचा तुमच्या आणि खांबाच्या मध्ये, हातभर अंतरावर, तुमच्याकडे तोंड करून हात वर धरून अडवत असेल तर बॉल टाकायचाच नाही, टाकला तरी गोल धरत नाहीत. उंच पोरगा चिडतो, ‘मी तर त्याच्या डोक्यावरून टाकू शकतो’ म्हणतो. चिडू द्या, पण हा नियम सोडू नका. यामुळेच प्रत्येकाला पळून मोकळं व्हावं लागतं आणि मोकळ्या साथीदाराकडे बघावं लागतं.

मुली नुसत्या उभ्या राहतील, ही तुमची काळजी खरी आहे. ‘मुलींनाही बॉल द्या रे’ असं ओरडून काही होत नाही, खेळालाच ते करू द्या. दोन मुलं आपसातच पास देत राहिली तर त्यांना अडवणारे दोघे निवांत असतात, गोल होत नाही. हे पोरांच्या लवकर लक्षात येतं. १९०२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या निको ब्रुकहाउसेन या शिक्षकाने हा खेळ मुलामुलींनी एकत्र खेळण्यासाठीच बसवला. संघात ४ मुलं, ४ मुली, मैदानाच्या प्रत्येक अर्ध्या भागात दोन-दोन. दोन गोल झाले की खेळाडू मैदानाचा अर्धा भाग बदलतात, बचाव करणारे चढाईवर येतात. त्यामुळे कुणीही एकाच कामात अडकत नाही.

एखाद्या पालकांना मुलं-मुली एकत्र खेळणं खटकलं तर समजावत बसण्यापेक्षा संध्याकाळी खेळ बघायला बोलवा. कोण कुणाला अडवतंय ते त्यांना डोळ्यांनी दिसू दे.

१६ जण जमण्याची वाट बघू नका. एकाच खांबाभोवती ४ विरुद्ध ४ खेळवा, दोन गोलांनंतर बाजू बदला. एप्रिल-मेमध्ये मात्र संध्याकाळी सहाच्या आधी मैदानात उतरवू नका. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे.