पाण्याखालच्या व्हिडिओसाठी छोटा कॅमेरा सेटअप कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलं आहे की ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला कोर्स) झाला आहे, सध्या मालवण आणि कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला डाइव्ह करता, पुढे अंदमानला जायचा विचार आहे, बजेट लाखाच्या आसपास आहे. ॲक्शन कॅमेरा, ऑलिम्पसचा टफ आणि सोनीचा आरएक्स१०० यांतलं नेमकं काय घ्यावं ते ठरत नाहीये.

माझं मत आधी सांगतो. ॲक्शन कॅमेरा घ्या, दोन्ही हातांनी धरता येईल असा ट्रे घ्या आणि उरलेले सगळे पैसे दोन चांगल्या व्हिडिओ लाइट्सवर घाला. लाइटला कॅमेऱ्याइतकेच पैसे गेले तरी वाईट वाटून घेऊ नका. आरएक्स१०० सारखा एक इंची सेन्सरचा नवा कॅमेरा आणि त्याचं हाउसिंग (पाणी आत न जाऊ देणारी पेटी) घेतलंत तर लाख रुपये तिथेच संपतात, आणि लाइट नसलेला महागडा कॅमेरा पंधरा मीटरवर हिरवट-निळा धुरळाच टिपतो.

याचं कारण पाण्यातच आहे. लाल रंग पाणी सगळ्यात आधी शोषून घेतं. पाच मीटरवर तो बराचसा गेलेला असतो, मग नारिंगी जातो, मग पिवळा. यात फक्त खोली मोजून भागत नाही. प्रकाश पाण्यातून एकूण किती अंतर कापतो, ते धरावं लागतं. तुम्ही १० मीटर खोल आहात आणि मासा तुमच्यापासून ३ मीटर लांब आहे, तर त्याच्या रंगाला १३ मीटर पाणी ओलांडून सेन्सरपर्यंत यायचं असतं. म्हणून पाण्याखाली झूम जवळजवळ निरुपयोगी आहे. आपणच जवळ जायचं, एक मीटरच्या आत, आणि आपला प्रकाश सोबत न्यायचा. हे एकदा पटलं की कुठला कॅमेरा हा प्रश्न बराच सोपा होतो: जवळून रुंद दृश्य घेता येईल, त्यावर नीट प्रकाश टाकता येईल, तो कॅमेरा.

मालवणला हे जास्तच लागू पडतं. कर्लीच्या खाडीतून येणारा गाळ आणि पाण्यातलं प्लवक यांमुळे तिथलं पाणी हिरवट असतं आणि थोड्याच मीटरपुढे सगळं धूसर होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर रंग भरपूर आहेत, पण लाइट टाकल्याशिवाय ते कॅमेऱ्याला दिसत नाहीत. आणि तारीख ठरवताना दिनदर्शिका जरूर बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, ओढ जास्त, तळ ढवळलेला. अष्टमी ते दशमीच्या सुमाराला भांगाचं पाणी असतं, ते शांत आणि त्या मानाने साफ. कोळी हे पिढ्यानपिढ्या जाणतात. नव्या लेन्सने जेवढा फरक पडणार नाही, तेवढा या एका गोष्टीने पडतो.

आता लाइट. स्पॉट बीमचा टॉर्च व्हिडिओला चालत नाही, फ्रेमच्या मधोमध पांढरा गोळा दिसतो. १०० ते १२० अंश पसरणारा बीम हवा, सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या पुढे, आणि प्रत्येकी २,५०० ते ३,००० खरे लुमेन, म्हणजे प्रकाशाचं माप. ‘खरे’ म्हणतो, कारण फार स्वस्त लाइटवर छापलेले आकडे बहुतेकदा फुगवलेले असतात. पूर्ण ब्राइटनेसवर बॅटरी किती वेळ टिकते ते विचारा, पाऊण तासाचा डाइव्ह निघाला पाहिजे. एकापेक्षा दोन बरे, कारण एकाच बाजूच्या प्रकाशात खडकाच्या कपारी काळ्याठिक्कर होतात. लाइट लेन्सच्या दोन्ही बाजूंना शक्य तितके लांब, किंचित मागे आणि तोंडं थोडी बाहेरच्या दिशेने ठेवा. सरळ समोर मारलेत तर कॅमेरा आणि विषय यांच्यामधला प्रत्येक कण उजळतो आणि बर्फ पडल्यासारखं दिसतं. यालाच बॅकस्कॅटर म्हणतात आणि आपल्या किनाऱ्यावर तोच सगळ्यात जास्त व्हिडिओ बिघडवतो.

लाइटशिवाय रंग सावरायला लेन्सवर लावायचा लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतो, म्हणजे अंदमानला साधारण पाच मीटरच्या खाली, सूर्य पाठीशी ठेवून मोठं दृश्य घेताना. हिरव्या पाण्याला मॅजेंटा (गुलाबी-जांभळा) फिल्टर लागतो. लाइट चालू असताना दोन्ही काढून टाका, नाहीतर जवळचं सगळं लालभडक येतं.

तुमच्या तीन पर्यायांबद्दल.

ॲक्शन कॅमेऱ्यात डीजेआयचा ॲक्शन ५ प्रो नुसता २० मीटरपर्यंत चालतो, गोप्रो हिरो १३ नुसता १० मीटरपर्यंत. वॉटरप्रूफ केसमध्ये घातल्यावर दोन्ही ६० मीटरपर्यंत जातात. २० मीटर वाचून केस टाळू नका. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर आहे खरी, पण हातातून सुटलेला कॅमेरा त्या मर्यादेवर थांबत नाही. डीजेआयचा सेन्सर मोठा आहे, १/१.३ इंची, आणि अंधाऱ्या पाण्यात ते जाणवतं, म्हणून माझा कल तिकडे आहे. पाण्यात टचस्क्रीन चालत नाही, तेव्हा सगळी सेटिंग्ज बोटीवरच करून घ्या. या कॅमेऱ्यांची मोठी अडचण एकच: फूटभर अंतराच्या आत फोकस मिळत नाही. नखाएवढी समुद्री गोगलगाय टिपायची असेल तर वेगळी मॅक्रो लेन्स लावावी लागते.

ती हौस असेल तर मात्र टफ टीजी-७ घ्या. आता तो ओएम सिस्टम या नावाने येतो. लेन्सपासून एक सेंटिमीटरवरची वस्तू तो फोकस करतो, पाण्यासाठीचे व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून रंग जुळवायची सेटिंग) त्यात दिलेले आहेत, तो नुसता १५ मीटर आणि पीटी-०५९ हाउसिंगमध्ये ४५ मीटर जातो. सेन्सर लहान आहे आणि शटर हाताने ठरवता येत नाही, त्यामुळे मोठ्या अंधाऱ्या दृश्यात तो मागे पडतो. पण खडकाशी शांतपणे पाच मिनिटं थांबून एकाच खेकड्याचं चित्रण करणाऱ्याला याहून सोयीचा छोटा कॅमेरा मला माहीत नाही.

सोनीचं चित्र या तिघांत सगळ्यात देखणं, यात वाद नाही. तरी व्हिडिओसाठी मी तो पहिला म्हणून सुचवत नाही. त्याचा कस्टम व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरी पाटी दाखवून आपण ठरवतो तो, ९९०० केल्विनपाशी (रंग-तापमानाचं माप) अडतो आणि खोल निळ्या पाण्यात पांढऱ्या पाटीवर रीडिंग घ्यायला गेलं की एरर देतो. फोटोत रॉ फाइलमुळे (सेन्सरची मूळ माहिती जपणारी फाइल) ते नंतर सावरता येतं. व्हिडिओत तितकी मोकळीक नसते. एक इंची सेन्सरच हवा असेल तर कॅननचा जी७ एक्स मार्क ३ बघा, त्याचा कस्टम व्हाइट बॅलन्स पाण्याखाली चांगला चालतो. पण बजेट वाढवावं लागेल, आणि त्यात लेन्सचाही खर्च धरा. हाउसिंगच्या सपाट काचेच्या पोर्टमागे (लेन्ससमोरच्या खिडकीमागे) वक्रीभवनामुळे दृश्य अरुंद होतं, २४ मिमीची लेन्स साधारण ३२ मिमीसारखी वागते. ते रुंद करायला बाहेरून वेट लेन्स लावतात. ती पाण्यात उतरल्यावरच बसवायची आणि मधले बुडबुडे काढून टाकायचे.

सेटिंग्जवर फार वेळ घालवू नका. ४के, सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम. लाइट लावून जवळचं घेताना व्हाइट बॅलन्स लाइटच्या रंग-तापमानावर लॉक करा, बहुतेक ५५०० केल्विनच्या आसपास. लाइटशिवाय चित्रण करत असाल आणि कॅमेरा कस्टम रीडिंग घेत असेल, तर दर चार-पाच मीटरला पांढऱ्या पाटीवर नवं रीडिंग घ्या. क्लिप किमान दहा सेकंद हलवाहलव न करता धरा. त्यासाठी तरंगणं हातात असायला हवं. अजून तळाला फिन लागत असेल तर आधी काही डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय करा. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात संरक्षित आहे. चांगल्या शॉटसाठी त्यावर हात टेकणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. हात टेकवून मिळणारा शॉट सोडून द्या.

हाउसिंग बंद करायची जागा महत्त्वाची. कोकणातल्या दमट हवेत, बोटीवर ते बंद केलं तर आतली वाफ पाण्यात गार होऊन काचेवर जमते. हॉटेलच्या एसी खोलीत बंद करा, आत सिलिका जेलची ताजी पुडी ठेवा. ओ-रिंगवर (झाकणाच्या कडेची, पाणी अडवणारी रबरी रिंग) बोट फिरवून वाळूचा कण किंवा केस आहे का ते तपासा, एक केससुद्धा पाणी आत घ्यायला पुरतो. ग्रीस हाउसिंग बनवणाऱ्याने सांगितलेलंच वापरा, आणि तेही रिंग फक्त चकचकीत दिसेल इतकंच. नवीन हाउसिंग पहिल्या डाइव्हला रिकामं न्या, आत टिश्यू पेपर ठेवून. तो कोरडा आला तरच पुढच्या डाइव्हला कॅमेरा आत घाला. वर आल्यावर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि पाण्यातच सगळी बटणं दाबा, म्हणजे फटीतलं मीठ निघतं.

अंदमानच्या विमानात लाइटच्या सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, केबिन बॅगेत न्याव्या लागतात. प्रत्येकीची टोकं टेपने झाका. लाइटमधल्या बॅटऱ्याही काढून ठेवा, बॅगेत चुकून बटण दाबलं गेलं तर पाण्याबाहेर हे लाइट प्रचंड तापतात.