रूट कॅनालला जायच्या आधी एवढं बघून घे

अरे, एसी आणि सोफा बघून क्लिनिक ठरवू नकोस, मीही आधी तेच करायचो आणि एकदा डॉक्टरांनी आधीच्या पेशंटला वापरलेला हँडपीस (दात कोरायचं ड्रिल) नुसता स्पिरिटने पुसून माझ्या तोंडात घातला, तेव्हापासून मी शहाणा झालो. हँडपीससकट सगळं ऑटोक्लेव्हमधून निघालं पाहिजे, म्हणजे 121 डिग्रीची प्रेशरखालची वाफ, नुसत्या उकळत्या पाण्याने सगळे जंतू मरत नाहीत. हत्यारं ज्या बंद पाकिटात असतात ते पाऊच तुझ्यासमोर फोडायला सांग, त्यावरच्या पट्टीचा रंग बदललेला असतो (हां, त्यावरून एवढंच कळतं की पाऊच मशीनमध्ये जाऊन आलंय, पण तेही नसेल तर सरळ उठ). ग्लोव्ह्ज नवे घातले का, आणि तेच घालून मोबाईल उचलला का, हेही बघ.

रूट कॅनालला रबर डॅम लावणार का विचार, म्हणजे दाताभोवतीचा तो रबरी पडदा, बारीक फाईल (दाताची नळी साफ करायची सुईसारखी कानस) घशात जायची भीती राहत नाही. स्टेट डेंटल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर भिंतीवर असतो, नसेल तर बिनधास्त माग. आणि एक्स-रे न काढताच कोणी चार कॅप सांगितल्या तर आधी दुसरीकडे दाखव.