‘नास्तिक’ म्हणजे देव न मानणारा, एवढंच का? हा शब्द आला कुठून?

आज आपण तो अर्थ घेतो खरा, पण मुळात या शब्दात देव कुठेच नाही. ‘न अस्ति’ म्हणजे ‘नाही’. त्याला ‘इक’ प्रत्यय लागून नास्तिक झालं. संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं सूत्रच आहे: ‘अस्तिनास्तिदिष्टं मतिः’ (४.४.६०). ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी मती तो नास्तिक. काय आहे किंवा नाही, हे सूत्र सांगत नाही. सूत्रावर भाष्य लिहिणाऱ्यांनी तिथे ‘परलोक’ घेतला.

मनुस्मृतीत कसोटी बदलते: ‘नास्तिको वेदनिन्दकः’ (२.११). म्हणजे वेदांची निंदा करणारा तो नास्तिक; प्रश्न वेदप्रामाण्याचा, वेद प्रमाण मानायचे की नाही याचा झाला. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, कारण या कसोटीने जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक (वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे तत्त्वज्ञ) आस्तिक ठरतात. अभिजात सांख्य या दुसऱ्या दर्शनाच्या अनुयायांचंही तेच. उलट जैन परलोक, कर्म, पुनर्जन्म सगळं मानतात, तरी वेद प्रमाण मानत नाहीत म्हणून नास्तिकांत गणले गेले. बौद्धही तसेच. परलोक, वेद, ईश्वर सगळंच नाकारणारे चार्वाक मात्र कुठल्याही व्याख्येने नास्तिकच!

म्हणून फक्त ईश्वर नाकारणाऱ्यासाठी ‘निरीश्वरवादी’ हा शब्द जास्त नेमका आहे. ‘देव आहे की नाही हे कळूच शकत नाही’ म्हणणारा अज्ञेयवादी, तो वेगळा.

‘पाखंडी’ हा शब्दही लोक याच अर्थाने फेकतात. त्याचं मूळ ‘पाषंड’. अशोकाच्या शिलालेखांत तो कुठल्याही पंथासाठी येतो, आणि बाराव्या शिलालेखात तर सगळ्याच पाषंडांचा आदर करायला सांगितलंय. शिवी तो नंतर झाला.